दुधावरची साय कोणाच्या वाट्याला?

नातवंडाच्या जन्माने होणारा आनंद हा माणसाच्या उत्तरायुष्यातील बहुधा सर्वांत निर्मळ आनंद होय. आई-बाप होण्याच्या आनंदात जबाबदारीची धास्ती मिसळलेली असते. नोकरी नवी, बिऱ्हाड लहान, पैशाची ओढाताण, रात्रीची जागरणे आणि हे मूल आपल्या हातून नीट वाढेल ना, ही सततची शंका! आजी-आजोबा होताना ही धास्ती बरीच ओसरलेली असते. मूल रडले म्हणून आभाळ कोसळत नाही, दात उशिरा आले तरी येतातच, हे अनुभवाने कळलेले असते. म्हणूनच तान्ह्या बाळाची मूठ उघडते कशी आणि मिटते कशी, एवढेच पाहत तासभर बसून राहण्याची मनाची सवड त्या वयात प्रथमच लाभते.

मराठी भाषेने या नात्यासाठी दोन उपमा वापरल्या आहेत. नातवंडाला दुधावरची साय म्हणतात. आणि मुदलापेक्षा व्याज अधिक प्यारे, असेही म्हणतात. दुसरी उपमा सावकाराच्या वहीतून आलेली आहे. मूल म्हणजे गुंतवणूक, नातू म्हणजे तिची वाढ आणि वंश म्हणजे चालू राहिलेले खाते, असा तिचा हिशेब आहे. पहिली उपमा मात्र चुलीपाशी जन्मलेली आहे. दूध मंद आचेवर राखणारा कोणी असेल, तरच त्यावर साय धरते. ती धरावी म्हणून कोणीतरी जागे राहिलेले असते, आणि ती कोणाच्या वाटीत पडते हा प्रश्न वेगळाच असतो. आजी-आजोबांच्या आनंदाचा विचार करताना हे दोन्ही प्रश्न नजरेआड करून चालणार नाही. आच कोणी राखली? आणि साय कोणाच्या वाट्याला आली?

पहिली गोष्ट अशी की, नातवंड पाहायला मिळणे हेच मुळी आपल्या देशात फार जुने सुख नाही. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आले आहे. त्या काळी सगळीच माणसे तिशीत मरत होती, असा याचा अर्थ नव्हे. सरासरी खाली ओढली जात होती ती प्रामुख्याने बालमृत्यूंमुळे. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. मागील पिढ्यांतील आजीच्या आठवणींत आठ बाळंतपणे आणि चार मुले अशी वजाबाकी सहज बोलून दाखवली जाई. तिच्या लेखी नातवंडाच्या जन्माचा आनंद हा भीतीने अर्धा झालेला आनंद होता. ‘जगले तर आपले’ असे ती म्हणे, त्यात निष्ठुरता नव्हती. वारंवार पोळलेल्या मनाने स्वतःभोवती घातलेले ते कुंपण होते.

ती भीती दूर झाली ती कोणाच्या नवसाने नव्हे. देवीच्या लसीने, स्वच्छ पाण्याने, प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आणि पायपीट करून घरोघर जाणाऱ्या परिचारिकांनी ती दूर केली. देवीचा रोग १९७७ साली या देशातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले, २०१४ साली पोलिओ गेला. लंगडत चालणारे, चेहऱ्यावर व्रण घेऊन वाढणारे मूल आता गावात दिसत नाही, यामागे सार्वजनिक खर्च आहे आणि सार्वजनिक श्रम आहेत. आजोबांच्या मांडीवर निश्चिंतपणे झोपलेले बाळ हे त्या अर्थाने एका घराचे सुख असले, तरी त्याची पायाभरणी समाजाने केलेली आहे.

परंतु ही पायाभरणी सर्वत्र सारखी झालेली नाही. २०२० च्या त्याच पाहणीत बालमृत्यूचे प्रमाण केरळात हजारी ६, महाराष्ट्रात १६, तर मध्य प्रदेशात ४३ होते. महाराष्ट्राच्या सरासरीतही मेळघाट आणि पुणे एकाच रकान्यात बसवलेले असतात. मेळघाटातील कोरकू आजीच्या भीतीला मुंबईतील आकडा कितीसा धीर देणार? उपाय ठाऊक नाहीत, असे मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसा मोजावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे त्या स्त्रिया शिकल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. मोठी रुग्णालये हवीतच. पण अनेक घरांतील पाळणा हलता राहतो तो अशा साध्या, शिकवता येण्याजोग्या ज्ञानावर.

येथे आजीच्या ज्ञानाचाही विचार केला पाहिजे. पाय लांब करून त्यांवर बाळाला पालथे घालायचे, एका हाताने डोके सावरायचे आणि दुसऱ्या हाताने कोमट पाणी ओतायचे, ही कला कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. जुन्या नऊवारी लुगड्याचे मऊ धडपे निवडून शिवलेले दुपटे, बाळंतिणीसाठी केलेली अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू, रडण्याच्या सुरावरून भूक आणि पोटदुखी यांतला फरक ओळखणे, हे सारे पिढ्यांचे संचित आहे. त्याच संचितात काही घातक गोष्टीही होत्या. बाळंतिणीचा पहिला चीक काढून टाकावा, बाळाला मध चाटवावा, बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, या समजुतींनी किती बालकांचे व मातांचे नुकसान केले असेल! आईचे पहिले दूध जन्मानंतर तासाभरात द्यावे आणि सहा महिने दुसरे काहीही देऊ नये, असे आजचे शास्त्र सांगते. गावोगाव असंख्य आज्यांनी ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे पुटपुटत का होईना, ही नवी शिकवण स्वीकारली. साठीच्या स्त्रीने नातवासाठी स्वतःच्या आईची शिकवण मोडणे, ही लहान क्रांती नव्हे. तिची नोंद कोणी घेतली नाही, एवढेच.

आनंदामागचे श्रम

आता आच राखणाऱ्या हातांकडे वळावे लागेल. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले की, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम मुळी करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष मात्र २६. नातवंड घरात आले म्हणजे हे ओझे वाढते आणि त्याचा मोठा भाग पुन्हा एका स्त्रीच्याच अंगावर पडतो. ती स्त्री पंचावन्न-साठीची असते. तिचे गुडघे दुखत असतात. आणि आयुष्यभराच्या रगाड्यानंतर आता चार दिवस मोकळे मिळतील, अशी आशा तिने कुठेतरी बाळगलेली असते. ‘आजी आहे ना घरात!’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते, पण त्यात तिला विचारलेले नसते. नातवाला सांभाळण्यात तिला आनंद आहे, हे खरेच. पण ज्या कामाला नाही म्हणण्याची सोय नाही, त्या कामातील आनंदाचा दाखला देऊन त्याचे मोल बुडवता येत नाही. आईच्या बाबतीत समाजाने हीच लबाडी पिढ्यान्‌पिढ्या केली. वात्सल्याचे गोडवे गायचे आणि वाटणीचा प्रश्न टाळायचा!

मध्यमवर्गीय घरात या श्रमाचे एक रूप दिसते. मुलगा-सून दोघेही नोकरीला, पाळणाघर महाग किंवा भरवशाचे नाही, म्हणून गावाकडचे घर बंद करून आई-वडील पुण्या-मुंबईच्या सदनिकेत येतात. मुले अमेरिकेत असतील, तर कधी मुलीचे आई-वडील, कधी मुलाचे, अशा पाळ्या लावून बाळाचे पहिले वर्ष पार पाडले जाते. या आजी-आजोबांना सुख लाभते आणि एकाकीपणही लाभते. परंतु निदान बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

कष्टकरी वर्गात हे सुखही हप्त्याने मिळते. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तेथे हिशेब असतो. अंगावरचे तान्हे मूल आईबरोबर फडात जाते आणि पाचटावर किंवा झोळीत निजते. शाळेच्या वयाची मुले म्हातारा-म्हातारीपाशी गावी राहतात. म्हणजे ज्या नातवंडाला आजीची सर्वांत अधिक गरज, ते तिच्यापासून दूर; आणि जी मागे राहतात त्यांच्या पोटाची, अभ्यासाची, आजारपणाची सारी काळजी तिच्या थकल्या अंगावर. शिवाय अनेक गावांत साठी उलटलेली आजीही कोयता हाती घेऊन निघते, कारण उचल तिच्याही नावावर असते. शहरातील मोलकरणीची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. दुसऱ्याच्या घरचे बाळ सांभाळण्यासाठी ती स्वतःचे बाळ सासूच्या स्वाधीन करते. आणि सासूही चार घरची धुणीभांडी करणारी असेल, तर आठ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या स्वाधीन करते. त्या मुलीची शाळा तेथेच सुटते. आजीच्या आनंदाला सवड नसली, की तिची किंमत अशी नातच मोजते.

म्हणून आजीपणाचा प्रश्न हा मजुरीचा प्रश्न आहे, कामाच्या तासांचा प्रश्न आहे आणि पाळणाघराचा प्रश्न आहे. या देशात प्रसूतीची रजा ही मागणी कामगार चळवळीने लढून मिळवली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणापूर्वी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी घेण्यात आल्या. परंतु हे सारे कोणासाठी? शेतमजूर, विडी कामगार, बांधकामावरची बिगारी, घरकामगार यांच्या आस्थापनेचे नावच नाही, तर तिच्यात पन्नास माणसे मोजायची कोणी? त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६००० रुपयांचे वचन दिले आणि २०१७ च्या योजनेने पहिल्या मुलासाठी ५००० रुपये देऊ केले. सव्वीस आठवड्यांचा पगार एकीकडे आणि पाच हजार रुपये दुसरीकडे! या दोन बाळांच्या आज्यांनी आपापल्या घरी सारखाच आनंद मानावा, अशी अपेक्षा मात्र समाज करतो.

पाळणाघराच्या बाबतीत तर महाराष्ट्राने इतरांना वाट दाखवायला हवी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासींच्या वस्तीत जाऊन, झाडाखालच्या अंगणात मुलांना जमवून जे काम उभे केले, त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यामागची साधी दृष्टी होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पण ती दिवसाचे काही तास चालते. मजुरीला गेलेली आई संध्याकाळी परतते. मधले तास पुन्हा आजीचेच. ज्या सेविका व मदतनीस ही अंगणवाडी चालवतात, त्यांतील अनेकजणी स्वतः आज्या आहेत. त्यांना पगार नव्हे, तर मानधन मिळते. उपदानाचा हक्क त्यांना आहे हे मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. आणि डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातील अंगणवाड्या संपामुळे बंद राहिल्या. इतरांची नातवंडे सांभाळणाऱ्या या स्त्रियांच्या म्हातारपणाची तरतूद कोण करणार, हाच त्या संपाचा गाभा होता.

म्हातारपणाची तरतूद हा तर या आनंदाचा कणाच आहे. ज्या आजोबांच्या खिशात नातवासाठी पेरू घेण्यापुरते स्वतःचे पैसे असतात, त्यांचा घरातील आवाज निराळा असतो. १९९५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता. २०२५ साल उजाडले तरी ६० ते ७९ वर्षे वयोगटासाठी तो तेवढाच होता. राज्याची भर धरून महाराष्ट्रात २०२३ पासून ही रक्कम १५०० रुपये झाली. महिनाभराच्या औषधपाण्यालाही ती पुरत नाही. मुलांनी व सज्ञान नातवंडांनी वृद्धांना सांभाळावे, असा कायदा २००७ साली संसदेने केला. तो आवश्यकच होता; परंतु ज्या मुलाच्याच पोटाला चटका बसलेला आहे, त्याच्यावर न्यायाधिकरणाचा हुकूम बजावून शासनाला आपले हात धुता येणार नाहीत.

आजी-आजोबांचे उत्तरदायित्व

शासनाकडे बोट दाखवताना घरातल्या अधिकाराचाही झाडा घेतला पाहिजे. आजी-आजोबांचा शब्द घरात अजून चालतो आणि तो नेहमीच भल्यासाठी वापरला गेला आहे, असे म्हणता येत नाही. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या ९१३ वरून २०११ साली ८९४ वर घसरली आणि बीड जिल्ह्यात ती ८०७ झाली. डॉक्टर गुन्हेगार होतेच. पण सुनेला त्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेणाऱ्या हातांत वंशाच्या दिव्याची वाट पाहणाऱ्या आजीचा हात किती वेळा होता? तीच आजी स्वतः एकेकाळी कोणाला नकोशी झालेली मुलगी होती, हे या शोकांतिकेचे मर्म आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ असे नाव घेऊन वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलीचे नाव ठेवताना घरातील वडीलधारे जवळ असतातच. नातीच्या जन्माला पेढे की बर्फी, हा भेदही न पाळता तेवढ्याच हौसेने बारसे करणारे आजोबा एका दुपारी जे साधतात, ते पुष्कळशा व्याख्यानांनी साधत नाही.

आंतरजातीय विवाहाच्या बाबतीतही नातवंडाचे असे सामर्थ्य अनेकदा दिसते. ज्या मुलीचे नाव घरात घ्यायचे नाही असे ठरलेले असते, तिच्या बाळंतपणाची बातमी येताच दारे किलकिली होतात. दोन्हीकडच्या आज्या एकाच पाळण्याची दोरी धरतात. समतेच्या विचाराला जे जमले नाही, ते तान्ह्या मुलाने केले, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह यावेळी होतो. तो आवरला पाहिजे. जे वैर नातवासाठी मिटते, ते त्याच्या आई-बापांसाठी का मिटले नव्हते, हा प्रश्न उरतोच. आणि बाळाची जात कोणती लावायची, या चर्चेत तेच आजोबा पुन्हा जुन्या वळणावर जाताना दिसतात. तरीही उघडलेले दार पुन्हा लागू न देणे हे त्या घरातील वडीलधाऱ्यांच्याच हाती असते.

चळवळीतील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या सुखाला आणखी एक पैलू आहे. सभा, मोर्चे, दौरे, सत्याग्रह आणि १९७५ ते ७७ मधला तुरुंगवास यांत ज्यांची उमेद गेली, अशा पुष्कळांनी स्वतःची मुले वाढताना पाहिलीच नाहीत. मुलगा चालायला लागल्याचे पत्रातून कळले, मुलीचे गोवर उठून गेल्यावर घरी पाऊल पडले. तो काळ कार्यकर्त्याच्या बायकोने एकटीने निभावला. तिच्या त्यागाचा उल्लेख गौरवसमारंभात एका वाक्यात होतो. नातवंड ही अशा कार्यकर्त्याला मिळालेली दुसरी संधी असते. त्याने बाळाला नुसते खेळवून परत आजीच्या हाती दिले, तर ती संधी अर्धीच घेतली. लंगोट धुणे, रात्री उठून बाळाला फिरवणे, पेज भरवणे, ताप आला तर दवाखान्याच्या रांगेत बसणे, हे त्याने केले तर स्त्री-पुरुष समतेच्या ठरावाला घरात प्रथमच अनुमोदन मिळाले असे होईल. नातवंडाच्या मायेत गुंतून सार्वजनिक कामातून अंग काढून घेणारेही असतात. त्यांचा दोष मायेत नाही. ती माया घराच्या उंबरठ्यापाशी थांबवण्यात आहे. ज्याने एक बाळ मनापासून सांभाळले, त्याला फडातल्या झोळीतले बाळ परके वाटता कामा नये.

जगात काही देशांनी या नात्याला कायद्यातही जागा दिली आहे. स्वीडनमध्ये १९७४ सालापासून बालसंगोपनाची पगारी रजा आई आणि बाप दोघांनाही मिळते. आज ती एका मुलामागे ४८० दिवस आहे. आणि १ जुलै २०२४ पासून आई-बापांना आपापल्या वाट्यातील ४५ दिवसांपर्यंतची पगारी रजा आजी-आजोबांना किंवा अन्य कोणाला देता येते. तेथील संपत्ती येथे नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु मूल सांभाळणे हे काम आहे, ते करणाराला मोबदला मिळाला पाहिजे आणि ते आईखेरीज इतरांनीही करायचे असते, हे तत्त्व मान्य करायला संपत्ती लागत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक बाळंतिणीला किमान वेतनाशी निगडित सहा महिन्यांचे साहाय्य. साखर कारखान्याच्या तळावर, बांधकामाच्या जागी आणि रोजगार हमीच्या कामावर चालते पाळणाघर. पूर्ण दिवसाची अंगणवाडी आणि तिच्या सेविकांना वेतन. वृद्धांना जगता येईल एवढे आणि महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन. या मागण्यांच्या पत्रकांवर आजवर आईचे आणि बालकाचे नाव असे. त्यांत आजीचेही नाव घातले पाहिजे आणि मोर्चात तिला नातवंडासह बोलावले पाहिजे. तिला या प्रश्नातले जेवढे कळते, तेवढे व्यासपीठावरच्या फारच थोड्यांना कळत असेल.